खिडकीतली आजी

रुद्रचं केंद्र एप्रिलात सुटलं. जून उजाडला, पोराला शाळेचा निळा गणवेश आला, तरी सकाळचा चहा झाला की शकुबाईचे पाय दाराकडे वळायचे. पिशवीत रुमाल टाकायचा, बिस्किटाचा पुडा टाकायचा, नातवाचा हात धरायचा आणि पवननगरच्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं, असं तीन वर्षं चाललं होतं. एकदा तर ती एकटीच पिशवी घेऊन जिना उतरली आणि खालच्या पायरीवर आल्यावर तिच्या लक्षात आलं. मग तिथंच बसली.

शेजारचे रावजी दूध घेऊन येत होते. "जयभीम, शकुबाई. कुठं निघालात?"

"जयभीम. कुठं नाय. हवा खाते."

"पिशवी घेऊन?"

"हवा जास्त मिळाली तर भरून आनावी म्हनते."

रावजी हसत वर गेले. शकुबाई बसून राहिली. कोपऱ्यावरून बस वळल्याचा आवाज आला. तिने मान वर केली नाही. ती बस कशी वळते, कुठे आचका देते, दुसऱ्या दारातला दांडा कसा वाजतो, सगळं तिला न बघता माहीत होतं.

शकुबाई मूळची येवल्याकडची. नवऱ्याला अंबडला कंपनीत काम लागलं तेव्हा दोन गोधड्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन नाशिकला आली, ती इथलीच झाली. नवरा गेला. मुलगा मनोजही अंबडलाच लागला, शिफ्टमध्ये. सून हर्षाली एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. तेव्हा रुद्र आजीच्याच वाट्याला आला, आणि आजीलाही दुसरं काही नको होतं.

अडीच वर्षांचा झाला तरी पोरगं बोलेना. हाक मारली तर बघेना. खेळण्यातली गाडी उलटी करून चाक फिरवत बसायचं, तासन्‌तास. डॉक्टरांनी एक मोठा शब्द सांगितला. हर्षालीने तो ऐकला, रडली, मग डोळे पुसून त्याच्यावर मिळेल ते वाचलं. शकुबाईने तो शब्द तोंडात घेतला नाही. तिच्या मते पोरगं तिच्या सासऱ्यावर गेलं होतं. सासरे दिवसात चार शब्द बोलायचे, त्यातले दोन बैलांना. पण डॉक्टर म्हणाले तसं त्याला अशा मुलांच्या केंद्रात न्यायला लागली.

ते केंद्र गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. सीबीएसला, शहरातल्या मोठ्या बसस्थानकावर, उतरून दुसरी बस धरावी लागे. अंगणात चिक्कूचं झाड, झाडाखाली सिमेंटचा बाक. आत भिंतीला लागून लाकडी खुर्च्या, अगदी बुटक्या, पुढे आडवी दांडी लावलेल्या. ज्याला खुर्ची मिळाली ती त्याची. तिथली रीत अशी की मूल सोडून निघून जायचं नाही. आणणाऱ्या माणसानं मुलाच्या मागे सतरंजीवर बसायचं आणि मुलाबरोबर आपणही शिकायचं.

"मी याला तासभर भेटणार," तिथली चैतालीताई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "तुम्ही दिवसभर. मग खरी शिकवणारी कोण?"

"ताई, मला शिकवता आलं असतं तर मी दोन बस बदलून इथं कशाला आले असते?"

"म्हणूनच तर आलात," चैतालीताई म्हणाली आणि तिच्या हातात तांदळाची परात दिली. त्यात बोटं घालून लपवलेले मणी शोधायचे, पोरानं आणि आजीनं दोघांनी. शकुबाईने जन्मभर तांदूळ निवडले होते. त्यातून मणी काढायची वेळ पहिल्यांदाच आली.

दिवस गेले तसे शकुबाईला ते अंगण आवडायला लागलं. मखमलाबादचे रंगनाथभाऊ आपल्या नातीला, आरोहीला, स्कूटीवर आणायचे. पोरीच्या पायांत पट्टे होते आणि जिभेवर धार. आजोबा द्राक्षबागायतदार, पण इथं सतरंजीवर मांडी घालून रंगीत चकत्या ओवायचे. त्यांच्या आडदांड बोटांतून चकती निसटली की आरोही म्हणायची, "आजोबा, लक्ष कुठंय तुमचं?" सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मधल्या सुट्टीत चिक्कूच्या झाडाखाली डबे उघडायचे. शकुबाईची सुकटीची चटणी बघून रंगनाथभाऊ आधी दूर सरकले होते, माळकरी होते ते. मग पुढे पुढे तेच म्हणायला लागले, "शकुबाई, तुमचा डबा तिकडं उघडा, वारा इकडून वाहतोय. माझी माळ घसरंल."

आणि रुद्रचा पहिला शब्द. तो केंद्रात नाही आला, बसमध्ये आला.

त्या दिवशी शकुबाई खिडकीशी बसली होती, पोरगं मांडीवर. ती फुटाणे खात होती. मायको सर्कलला रावजी चढले आणि लांबूनच म्हणाले, "जयभीम, शकुबाई."

"जय..." शकुबाई म्हणाली आणि फुटाणा घशात गेला. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. आणि मांडीवरून, अगदी स्वच्छ, कोणी तरी म्हणालं, "भीम."

रावजी दांडा धरून उभे राहिले. शकुबाईने ठसका गिळला. पोरगं खिडकीबाहेर बघत होतं, जसं काही झालंच नाही. तिने हळूच पुन्हा म्हटलं, "जय..."

"भीम," रुद्र म्हणाला.

दोघं पार शेवटच्या थांब्यापर्यंत, निमाणीपर्यंत गेले. सीबीएस कधी आलं, कधी गेलं, शकुबाईला कळलंच नाही. ती "जय" म्हणत राहिली आणि पोरगं "भीम" म्हणत राहिलं. कंडक्टर तिकिटाचं बोलायला आला, तेव्हा रावजीच म्हणाले, "साहेब, जरा थांबा. पोरगं बोलतंय."

चैतालीताईने ते ऐकलं आणि टाळी दिली. "आजी, हीच वाट. तुम्ही अर्धं द्या, तो अर्धं देईल."

तेव्हापासून त्या दोघांचं तसंच बोलणं झालं. ती म्हणे "पा," तो म्हणे "णी." ती म्हणे "भाक," तो म्हणे "री." थांब्यावर उभं राहून ती म्हणे "बस," तो म्हणे "आली," कधी कधी बस यायच्या आधीच. झोपताना ती "आ" म्हणे आणि तो "जी" म्हणून डोळे मिटे. मनोज कधी गमतीनं म्हणायचा, "आई, तुम्ही दोघं मिळून एक माणूस बोलता." शकुबाईला ते बोलणं फार गोड लागायचं.

शेवटच्या वर्षी मात्र चैतालीताईने सूर बदलला. "आजी, आता तुमचं अर्धं मागे घ्यायचं. तो मोठ्या शाळेत जाणार. तिथं त्याला अर्धं कोण देणार?"

"मग मी काय करू?"

"काही करायचं नाही. त्याच्याकडे बघायचं आणि थांबायचं."

"कुठवर?"

"तो बोलेपर्यंत."

"आन नाय बोलला तर?"

"तर तहान लागेल," चैतालीताई शांतपणे म्हणाली. "तहान लागली की माणूस बोलतो."

शकुबाईला ते पटलं नाही. ताईसमोर ती ओठ मिटून बसायची. पण केंद्राच्या फाटकाबाहेर पडली की पोराला तहान लागली असेल या काळजीनं तिच्याच तोंडून "पा" निघून जायचं. तो "णी" म्हणायचा आणि दोघांचंही भागायचं.

केंद्रातून जाणाऱ्या मुलाला निरोपाचा केक नसे. जाणाऱ्यानं आपली खुर्ची स्वतः ढकलत न्यायची आणि दाराशी ठेवायची, पुढे येणाऱ्यासाठी. रुद्रने खुर्ची ढकलली, तिचे पाय फरशीवर करकरले, आरोहीने कानावर हात ठेवून म्हटलं, "उचल की रे." दाराशी खुर्ची ठेवून तो आजीचा हात धरून उभा राहिला. शकुबाईने त्या खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवला. तीन वर्षांत तिथला रंग पोराच्या हातांनी गेला होता.

शाळा कॉलनीतच होती, घरापासून चालत जाण्याजोगी. बालवर्ग तळमजल्याला. प्रवेशाच्या वेळी मोठ्या बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

रुद्र टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला.

"रु..." शकुबाई म्हणाली.

"द्र," तो म्हणाला.

"त्याला विचारलंय, आजी," मोठ्या बाई म्हणाल्या. रागाने नाही, पण म्हणाल्या. मग हर्षालीकडे वळल्या. "आपण महिनाभर बघू. त्याला काय हवं-नको ते सांगता आलं तर उत्तमच. नाहीतर तुम्हीच विचार करा. तुमच्या त्या केंद्रात त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं जाईल."

घरी आल्यावर हर्षालीने चैतालीताईला फोन लावला. ताई म्हणाली की असं मुलाला काढता येत नाही, कायदा आहे, गरज पडली तर मी येईन बोलायला. हर्षालीने फोन ठेवला आणि गणवेशाला बटण लावायला घेतलं.

"कायद्यानं वर्गात बसवतील, आई," ती म्हणाली. "वर्गात घेणार कोण?"

केंद्राची वाट बंद झाली हे शकुबाईला ठाऊक होतं. तिथं सहा वर्षांपर्यंतचीच मुलं घेत, आणि खुर्ची तर त्याने स्वतःच दाराशी नेऊन ठेवली होती. इथं नाही जमलं तर पोरगं घरात, उलट्या गाडीचं चाक फिरवत. तिच्या डोळ्यांसमोरून ते चाक हलेना.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी तिला फाटकाशीच थांबवलं. "पालकांनी इथूनच." रुद्र आत गेला, मागे वळून बघितलं, रांगेत दिसेनासा झाला. शकुबाईला वाटलं आपली सतरंजीच कोणी ओढून नेली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेला वळसा घातला. मागच्या बोळात बालवर्गाची खिडकी होती, बुटकी, लोखंडी गजांची. शकुबाई मेथीची जुडी घेऊन तिथे उभी राहिली, म्हणजे कोणी विचारलंच तर बाजारातून येतेय म्हणता येईल. आत चाळीसेक पोरं. पाण्याच्या बाटल्या मॅडमच्या मागच्या उंच फळीवर ओळीने ठेवलेल्या. ज्याला प्यायचं त्याने मागायची, अशी तिथली शिस्त. रुद्र फळीकडे बघत होता. नुसताच बघत होता.

शकुबाईला राहवेना. गजांतून तोंड घालून ती हळूच म्हणाली, "पा..."

"णी," सगळा वर्ग म्हणाला.

संजना मॅडम, वर्गाच्या बाई, फळ्याकडून वळल्या. पोरं हसायला लागली होती. रुद्रने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. मॅडमनी त्याला बाटली काढून दिली आणि खिडकीकडे बघितलं. तिथं मेथीची जुडी तेवढी दिसली.

पोरांना खेळ मिळाला. रोज मधल्या सुट्टीच्या आधी खिडकीत कोण येतं तिकडे त्यांचे डोळे लागायला लागले. शकुबाई "डब" म्हणाली की चाळीस जण "बा" म्हणत. "रु" म्हणाली की "द्र" म्हणत. एका दोन वेण्यांच्या पोरीनं तिचं नावच ठेवलं, खिडकीतली आजी. शकुबाईला आधी मौज वाटली. पोराचं नाव सगळ्या वर्गाच्या तोंडी बसलं, तिला वाटलं काम झालं. पण रुद्र दिवसेंदिवस गप्प व्हायला लागला. घरीही ती "भाक" म्हणायची आणि तो वाट बघायचा, जणू "री" म्हणायला अजून कोणीतरी यायचं आहे.

तीन आठवडे झाले असतील. संजना मॅडम स्वतः बोळात आल्या. बोलून बोलून त्यांचा घसा बसलेला, हातात खडू तसाच.

"आजी, मेथी रोज लागते का तुम्हाला?"

शकुबाई वरमली. "पोराला आवडती."

"हं. आजी, तुम्ही खिडकीत आलात की माझा वर्ग तुमचा होतो."

"मी अर्धंच बोलते, मॅडम. फक्त अर्धं. ते आमचं तसं हाय. त्याच्यानं सुरू होत नाय, सुरू करून द्यावं लागतं."

"कळलं मला ते. पण तुम्ही अर्धं बोलता आणि उरलेलं अर्धं चाळीस जण बोलतात. मग त्याच्या वाट्याला काय येतं?"

बोळातून एक सायकलवाला गेला, त्याला वाट द्यायला दोघी भिंतीला चिकटल्या.

"थोडे दिवस येऊ नका," संजना मॅडम म्हणाल्या. "मी बघते. मला जमेलच असं सांगत नाही. चाळीस आहेत. पण बघते. आणि आजी, महिना संपत आलाय, हे मलाही माहीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून मनोज शिफ्टवर जाताना पोराला सोडायला लागला आणि शेजारची एक बाई आपल्या पोरीबरोबर त्याला परत आणायला लागली. शकुबाई दाराशी उभी राहून दप्तर घ्यायची. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली भरलेली परत आली. सकाळी जेवढी भरली होती तेवढी. दुसऱ्या दिवशीही तीच. रुद्र घरात आला, मोरीशी गेला आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्याला. शकुबाई बाटली हातात धरून उभी राहिली. तिला ती फार जड लागली.

"उद्या मी जाते खिडकीत," ती म्हणाली. "काय म्हनायचं ते म्हनूदे मॅडम."

"आई, नका," हर्षाली म्हणाली. मग थोड्या वेळाने, भाजी परतता परतता म्हणाली, "मलाही जावंसं वाटतं. जेवायच्या सुट्टीत कामावरून पळत यावं आणि त्याला पाजून जावं."

"मग?"

"मग काही नाही. नका जाऊ."

सकाळी मनोज पोराला घेऊन गेला आणि घर रिकामं झालं. बोळाकडे पाय वळतील म्हणून शकुबाईने पिशवी उचलली आणि सरळ थांब्यावर गेली. निमित्त होतं. केंद्रातल्या मंगलाबाई मावशींचा एक डबा एप्रिलपासून तिच्याकडे राहिला होता. बस आली. ती नेहमीच्या जागेवर खिडकीशी बसली आणि मांडी मोकळी मोकळी वाटली म्हणून डबा मांडीवर घेतला.

मायको सर्कल आलं. सीबीएस आलं. तिथून दुसरी बस. उतरून चालताना कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने विचारलं, "नातू कुठंय, आजी?"

"शाळेत," शकुबाई म्हणाली. शब्द तोंडातून निघाला आणि तिलाच बरा वाटला.

चिक्कूखाली रंगनाथभाऊ बसले होते. तिला बघून सरकले. "या. वारं आज चांगलं वाहतंय. डब्यात काय?"

"रिकामा हाय. मंगलाबाईचा."

"मग बसा निवांत." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तोंड का असं?"

तिने सगळं सांगितलं. खिडकी, मेथी, चाळीस पोरं, भरलेली बाटली. रंगनाथभाऊ हसले नाहीत. फक्त म्हणाले, "पुढच्या साली आमची पाळी. मी तर खिडकीत नाय, कौलावर चढून बसंन."

"पडाल."

"आरोही हात देईल," ते म्हणाले. झाडावरून एक कच्चा चिक्कू पडला. मागच्या वर्षी अशाच चिक्कूंची रुद्रने ओळ लावली होती, बाकापासून फाटकापर्यंत, आणि कोणालाही ती ओलांडू दिली नव्हती. शकुबाईने तो चिक्कू उचलून बाकावर ठेवला.

डबा द्यायला ती आत गेली. दाराच्या जाळीतून तिला ती खुर्ची दिसली. दांडीवरचा रंग गेलेली. तीत एक लहानगा बसला होता, कुरळ्या केसांचा, आणि मागे सतरंजीवर त्याची तरुण आई. शकुबाई बसायची तिथेच. समोर दुधाचा पेला. पोरगं पेल्याकडे बघत होतं. त्याचे ओठ हलले, पुढे आले, गोल झाले. आता काही तरी येणार होतं.

"दू..." आई म्हणाली.

"ध," पोरगं म्हणालं. ओठ परत सैल पडले.

"अगं, थांब ना जरा," शकुबाई जाळीबाहेरूनच म्हणून गेली. "येतच होतं त्याचं."

तरुण आईने दचकून वर पाहिलं. चैतालीताईनेही. शकुबाई तशीच उभी राहिली, हातात डबा. आपण काय बोललो ते तिच्या कानांना मागून पोचलं. चैतालीताई उठून दाराशी आली. तिने डबा घेतला आणि शकुबाईचा हात थोडा वेळ धरून ठेवला.

"मला पुढून कधी दिसलंच नाय, ताई," शकुबाई म्हणाली. "मी मागं बसायचे ना."

"हो," चैतालीताई म्हणाली. "मागून ओठ दिसत नाहीत."

परतीच्या बसमध्ये शकुबाई खिडकीबाहेर बघत राहिली. किती वेळा त्याचे ओठ असे पुढे आले असतील, आणि किती वेळा आपण घाई केली असेल. तिला वाईट वाटलं, पण त्या वाईटातही ती तीन वर्षं गोडच होती, ती काही कडू होईनात. पवननगरच्या आधीच ती उतरली आणि शाळेच्या वाटेला लागली. बोळात नाही शिरली. पुढच्या फाटकाशी जाऊन, इतर बाया उभ्या होत्या तिथं उभी राहिली. शेजारणीला म्हणाली, "आज मी नेते."

घंटा झाली. पोरं सुटली. दोन वेण्यांची ती पोरगी सगळ्यांत पुढे. "खिडकीतली आजी आली," तिने वर्दी दिली आणि चारपाच पोरं गोळा झाली. "आजी, तू का येत नाहीस? आता रुद्र करतो."

"काय करतो?"

पण त्यांना सांगायला वेळ नव्हता, ती पळाली. मागून संजना मॅडम आल्या, रुद्रचं बोट धरून. त्यांचा घसा अजून बसलेलाच होता.

"आजी, बरं झालं तुम्हीच आलात," त्या म्हणाल्या. "आज ऊन होतं. मधल्या सुट्टीआधी हा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, थांबू या. वर्गाला म्हटलं, कोणी बोलायचं नाही. फळीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय, खिडकीकडे बघतोय. खिडकीत कोणी नाही."

शकुबाईने पदराचं टोक मुठीत धरलं.

"मग वर्गाकडे वळला आणि म्हणाला, 'पा.' चांगलं मोठ्यानं. आणि सगळी पोरं म्हणाली, 'णी.' तुम्हीच लावलेली सवय, आजी. मी बाटली दिली. प्यायला. आणि मग थांबेचना. 'खि' म्हणाला, पोरं 'डकी' म्हणाली. 'डब' म्हणाला, पोरं 'बा' म्हणाली. शिकवणं राहिलं बाजूला, मधली सुट्टी होईपर्यंत हाच वर्ग घेत होता." मॅडम हसल्या, खोकल्या. "मोठ्या बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या, त्याही दाराशी थांबल्या. 'डब' झाल्यावर त्याही 'बा' म्हणाल्या. जाताना मला म्हणाल्या, त्या महिन्याचं आता मनात धरू नका."

शकुबाईने दप्तर घ्यायला हात पुढे केला. बाजूच्या कप्प्यात बाटली होती. तिने ती बोटांनी उचलून पाहिली. रिकामी होती, हलकी, आत एखादा घोट हिंदकळत होता.

रुद्र तिच्याकडे बघत होता. तिच्या जिभेवर आलंच होतं, नेहमीचं. तिने ओठ घट्ट मिटले. बाया आपापल्या पोरांना घेऊन पांगल्या, रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मॅडम उभ्या राहिल्या. शकुबाई पोराच्या ओठांकडे बघत राहिली, समोरून, पहिल्यांदाच इतका वेळ. ते पुढे आले, मागे गेले, थोडे उघडले.

"जय..." रुद्र म्हणाला आणि थांबला.

तो आजीसाठी थांबला होता. शकुबाईला बोलायला जरा वेळ लागला. पण त्याने घाई केली नाही.

"भीम," ती म्हणाली.

मग दोघं चालायला लागले. चौकापाशी मागून ओळखीचा आवाज आला, तोच आचका, तोच दांड्याचा खडखडाट. गंगापूर रोडकडे जाताना ते जी धरायचे, ती बस. शकुबाईचे पाय सवयीनं थांब्याकडे वळले. रुद्रने तिचा हात घराच्या बाजूला ओढला आणि उभा राहून बस बघू लागला. बस थांबली, माणसं चढली, बस निघाली, कोपऱ्यावर वळली. शकुबाई काही बोलली नाही. ती वाट बघत होती.

"गेली," रुद्र म्हणाला.

"गेली बाबा," शकुबाई म्हणाली, आणि पोरगं ओढत होतं तिकडे, घराकडे निघाली.